लांबलचक रेकॉर्डिंगचे ट्रॅक पाडून सीडी कशी करायची: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात, त्यातून लष्कर भागात, जुन्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या खणात कॅसेटींचा एखादा डबा हमखास सापडतो. बैठका, कीर्तनं, गणपतीतली गाणी, आजोबांनी रेडिओवरून टेप केलेलं कुणाचं तरी गायन. गेली काही वर्षं मी ओळखीच्या लोकांसाठी हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवून सीडी करून देते आणि आता बरेच जण स्वतःच करायला लागलेत, ते फार छान आहे, पण फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळं एकदाच बैजवार लिहून ठेवते.

ट्रॅक पाडायचेच कशाला? सलग एकच फाइल सीडीवर टाकली तर वाजत नाही का?

वाजते की. मी पहिली सीडी तशीच केली होती, माझ्या आत्यासाठी, तिच्या गुरूंच्या बैठकीची, सव्वा तास सलग एकच ट्रॅक. आत्याला त्यातला शेवटचा तराणा ऐकायचा असायचा. तिची बोटं वाकलेली, संधिवात, आणि तराण्यापर्यंत जायला पुढे पळवायचं बटण दाबून धरून बसावं लागायचं, मध्येच बोट सुटलं किंवा लाइट गेली की परत पहिल्यापासून. हे मला तिच्याकडे राहायला गेल्यावर दिसलं. दुसऱ्या दिवशी बसून सात ट्रॅक पाडले आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, ७ नंबर तराणा. आता ती पुढचं बटण सहा वेळा दाबते आणि तराणा लागतो. वयस्कर माणसांकडे आजही सीडी प्लेयरच असतो, त्यांना फोनमधली यादी नको असते, नंबर हवा असतो.

शिकणाऱ्यांनाही हेच लागतं. आपल्या गावात १९१४ ला शंकर गांधर्व महाविद्यालय निघालं, १९१८ ला माधव संगीत महाविद्यालय, तेव्हापासून घराघरात कोणी ना कोणी गाणं शिकतंच आहे, आणि एकच बंदिश दहा वेळा ऐकायची तर ती वेगळ्या ट्रॅकवर असलेली बरी.

माझी फाइल ८०० एमबीची आहे, सीडीवर तर ७०० एमबी लिहिलंय, मग बसेल का?

बसेल. ऑडिओ सीडीला एमबी मोजायचेच नाहीत, मिनिटं मोजायची. ७०० एमबीची सीडी म्हणजे ८० मिनिटं, जुनी ६५० ची असेल तर ७४ मिनिटं. होतं काय की डेटा लिहिताना सीडीच्या प्रत्येक तुकड्यातली थोडी जागा चुका दुरुस्त करायच्या माहितीसाठी राखलेली असते, २३५२ बाइटमधले २०४८ च आपल्या वाट्याला येतात, आणि ऑडिओ सीडीत ते सगळे २३५२ आवाजाला मिळतात. सीडीच्या दर्जाचा आवाज तासाला साधारण ६३५ एमबी होतो, म्हणजे तुमची ८०० एमबीची वेव्ह फाइल (.wav, आवाज न आवळता ठेवणारी) ७५-७६ मिनिटांची असणार, निवांत बसेल.

एका सीडीत जास्तीत जास्त ९९ ट्रॅक होतात आणि एक ट्रॅक निदान ४ सेकंदांचा लागतो. एवढे आपल्याला कधी लागत नाहीत.

सी-९० कॅसेट एका सीडीत येईल का?

नाही येणार, ४५ आणि ४५ मिळून ९० मिनिटं झाली. सी-६० आरामात येते. सी-९० असेल तर दोन सीडी करा आणि कॅसेटच्या बाजूप्रमाणे न तोडता गाण्याप्रमाणे तोडा, एक राग पूर्ण संपला की तिथे पहिली सीडी संपवा, मग भले पहिली ५२ मिनिटांची आणि दुसरी ३८ ची होवो. ९० मिनिटं ८० त बसवायला कोणीतरी वेग किंचित वाढवून बघतात, ते कृपा करून करू नका, स्वर चढतो नाहीतर लय बदलते, आणि ज्याने ते गाणं समोर बसून ऐकलंय त्याला ते लगेच कळतं.

रेकॉर्डिंग कुठल्या फॉरमॅटमध्ये करू?

वेव्ह. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. सीडीचं मापच हे आहे. फोनवर केलेलं रेकॉर्डिंग बरेचदा ४८,००० चं असतं, ते ट्रॅक पाडायच्या आधीच ४४,१०० ला आणून घ्या, मागाहून नको.

एमपी३ बद्दल नीट ऐका. एमपी३ बनवताना फाइलच्या पुढेमागे थोडी रिकामी जागा आपोआप भरली जाते, त्यामुळे सलग गाण्याचे एमपी३ तुकडे केले आणि त्याची सीडी केली की प्रत्येक जोडावर बारीक उचकी लागल्यासारखं होतं. शिवाय एमपी३ करताना गेलेला आवाज वेव्ह केल्याने परत येत नाही. मूळ रेकॉर्डिंगच एमपी३ असेल तर इलाज नाही, मग ते आधी एकदाच वेव्हमध्ये उघडा आणि पुढची सगळी कापाकापी त्या वेव्हवरच करा.

कॅसेट उतरवताना टेपच्या हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन इनला द्या. लॅपटॉपला बरेचदा नुसतं माइकचं भोक असतं आणि ते मोनो असतं, तेव्हा स्टिरिओ लाइन इन असलेलं एक यूएसबी साउंड कार्ड घेऊन टाका. आवाजाची पातळी अशी ठेवा की गायकाचा तार सप्तकातला सगळ्यात वरचा स्वरसुद्धा उणे ६ डीबीच्या आसपासच राहील.

सॉफ्टवेअर कुठलं?

ट्रॅक पाडायला ऑडॅसिटी, फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पण ऑडॅसिटी सीडी लिहीत नाही, त्याला वेगळं लागतं, विंडोजवर इमेजबर्न, लिनक्सवर के३बी.

ऑडॅसिटीत मूळ फाइल कापायचीच नाही, फक्त खुणा करायच्या, त्याला तिथे लेबल म्हणतात. पहिल्यांदा पूर्ण ऐका आणि वाजतावाजता कंट्रोल एम दाबून ढोबळ खुणा करत जा. मग दुसऱ्या फेरीत झूम करून नेमकी जागा शोधा, तिथे क्लिक करून कंट्रोल बी दाबा, लेबलला गाण्याचं नाव द्या, जुनी ढोबळ खूण काढून टाका. शेवटी एक्स्पोर्ट ऑडिओमध्ये मल्टिपल फाइल्स निवडा आणि लेबलप्रमाणे तोड म्हणा, नंबर पुढे लावायचा पर्यायही तिथेच आहे. पहिलं लेबल अगदी शून्य सेकंदावर हवं, ते राहिलं तर सुरुवातीचा भाग एक्स्पोर्टमधून सुटू शकतो.

शांतता ओळखून आपोआप तुकडे करणारी सोय असते ना? मग हातानी कशाला?

असते, आणि गाण्यांची जुनी एलपी असेल, दोन गाण्यांच्या मध्ये तीन-चार सेकंद कोरी, तर ती मस्त चालते. आपल्या बैठकीत शांतता असतेच कुठे? तानपुरा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत झंकारत असतो, तबला मध्येच ठोकून मिळवला जातो, कोणी वाहवा म्हणतं, कोणी खोकतं. मशीनला फक्त आवाज कमी झालेला कळतो. मी एका कीर्तनावर ती सोय लावून बघितली तर बुवा जिथे जिथे श्वास घ्यायला थांबले तिथे तिथे तिने ट्रॅक पाडला आणि पूर्वरंग संपून भजन जोरात सुरू झालं ती खरी जागा सोडून दिली, कारण तिथे टाळ-मृदंग चालूच होते.

मग नेमकं कुठे कापायचं?

सगळं काम इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बडा ख्याल संपून छोटा ख्याल सुरू होतो तिथे टाळ्या नसतात, बोलणं नसतं. तिलवाडा किंवा विलंबित एकताल असा संथ ताल चालू असतो, गायक शेवटची तान घेऊन मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या शब्दांवर, येतो, तबलजी थांबतो आणि पुढच्या क्षणी गायक द्रुत, म्हणजे जलद, बंदिशीचा मुखडा उचलतो. स्क्रीनवर बघितलं तर सगळ्यात उंच रेघ दिसते ती समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, तबल्याचा भरदार धा, आणि हात आपोआप तिथे खूण करायला जातो. तिथे करू नका. बंदिश मुखड्यापासून सुरू होते आणि मुखडा समेच्या आधी असतो. समेवर कापलं तर मुखडा मागच्या ट्रॅकला चिकटतो आणि नवीन ट्रॅक बंदिशीच्या मधल्याच शब्दावर उघडतो, ऐकणाऱ्याला दारातून आत यायच्या ऐवजी खिडकीतून ढकलल्यासारखं वाटतं. माझी रीत अशी की मुखड्याच्या पहिल्या अक्षराच्या मागे जायचं, त्याआधी गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो, बारीक असतो पण हेडफोन लावला की येतो, त्याच्याही मागे साधारण अर्धा सेकंद, जिथे नुसता तानपुरा आहे, तिथे खूण. अर्धा सेकंद यासाठी की काही प्लेयर बटण दाबून उडी मारल्यावर सुरुवातीचा एक क्षण गिळतात.

टाळ्या आणि वाहवा मागच्या गाण्याच्या. त्या विरल्या की मगच खूण. गायक स्वतः रागाचं नाव सांगत असेल तर ते पुढच्या ट्रॅकच्या सुरुवातीला ठेवा, कापून टाकू नका, त्या माणसाचा बोलतानाचा आवाज कदाचित तेवढाच उरला असेल.

आणि मधलं तबला मिळवणं, तानपुऱ्याची जवारी (तारांचा झंकार) बघणं, हे दोन-दोन मिनिटं चाललं तर? त्याला सीडीत फार सुंदर सोय आहे, इंडेक्स शून्य. ट्रॅकला इंडेक्स ०० आणि इंडेक्स ०१ अशा दोन खुणा देता येतात. सलग ऐकलं की मिळवणं ऐकू येतं, आणि बटण दाबून त्या ट्रॅकवर गेलं की थेट ०१ वर, म्हणजे गाण्यावर. बरेच प्लेयर त्या मधल्या वेळात उलटे आकडे दाखवतात. त्यामुळे काही फेकावंही लागत नाही आणि कोणाला अडथळाही होत नाही.

कीर्तनाचे ट्रॅक कसे पाडायचे?

कीर्तनात आपली परंपराच मदतीला येते. नमन, मूळ अभंगासकट पूर्वरंग, मधलं भजन, उत्तररंग, शेवटची आरती, असे पाच तर सरळच पडतात. उत्तररंगातलं आख्यान मोठं असलं तर त्यातल्या पदांवर आणखी खुणा करा, पण पदाच्या आधीचं एक वाक्य पदाबरोबर ठेवा, कारण बुवा त्या वाक्यावरूनच गाण्यात शिरतात. आपल्याकडे तानसेन समारोहाची सुरुवातसुद्धा हरिकथेने आणि मिलादने होते, ज्यांनी ती हरिकथा ऐकलीय त्यांना मी काय म्हणते ते कळेल, बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे लागलं ते सांगता येत नाही.

सीडी वाजवली तर प्रत्येक ट्रॅकच्या मध्ये २ सेकंद शांतता येते. का?

कारण लिहिताना ट्रॅक ॲट वन्स निवडलं गेलं. त्यात लेसर प्रत्येक ट्रॅकनंतर बंद होतो आणि मध्ये २ सेकंदांची जागा पडते. डिस्क ॲट वन्स निवडायचं, म्हणजे सगळी सीडी एका दमात लिहिली जाते, आणि गॅप शून्य करायचा. पहिल्या ट्रॅकच्या आधीचे २ सेकंद मात्र सीडीच्या नियमातच आहेत, ते राहू द्या.

मला याचा एकदा फार वाईट अनुभव आला. एका घरी आजोबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याच गाण्याची सीडी लावायची होती, मी घाईत सेटिंग न बघता वीस प्रती लिहून दिल्या. द्रुत ऐन रंगात आलं आणि तानपुऱ्यासकट सगळं दोन सेकंद मुकं झालं, सगळ्यांनी दचकून वर बघितलं. मी सगळ्या प्रती परत घेतल्या आणि नव्याने लिहून दिल्या. तेव्हापासून एक प्रत आधी लिहायची, ती घरच्या प्लेयरवर सगळे जोड ऐकत तपासायची आणि मगच बाकीच्या, हा नियम मी मोडत नाही.

गॅप शून्य आहे तरी जोडावर बारीक टक् होतं?

सीडीत एक सेकंद म्हणजे ७५ फ्रेम, आणि एका फ्रेममध्ये ५८८ सॅम्पल. ट्रॅक फ्रेमच्या सीमेवरच सुरू होऊ शकतो. तुमची फाइल मध्येच संपत असेल तर उरलेली फ्रेम शांततेने भरली जाते, जास्तीत जास्त सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग, पण सलग तानपुऱ्यात तेवढंही टोचतं. उपाय सोपा आहे, ऑडॅसिटीत स्नॅप चालू करा आणि त्यात सीडीडीए फ्रेम्स निवडा, मग क्लिक आपोआप सीमेवर बसते. प्रोजेक्ट ४४,१०० चा असला पाहिजे.

लाट शून्यावर असेल तिथेच कापा असं काही जण सांगतात. दोन्ही तुकडे परत सलगच वाजणार असतील तर त्याची गरज नाही, मधलं काहीच गेलेलं नसतं.

क्यू शीट म्हणजे काय? अवघड आहे का?

अजिबात नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात चांगला मार्ग हाच. वेव्ह फाइल अख्खीच ठेवायची, एकसुद्धा तुकडा करायचा नाही, आणि नोटपॅडमध्ये एक छोटी फाइल लिहायची, कुठला ट्रॅक किती मिनिट, किती सेकंद, कितव्या फ्रेमला सुरू होतो एवढंच. समजा द्रुत २४ मिनिटं १६ सेकंदांनी आणि वर ३० फ्रेमला सुरू होतं तर २४:१६:३० लिहायचं. शेवटचा आकडा ०० ते ७४ च असतो, तिथे ९० लिहिलंत तर चालणार नाही. ही फाइल इमेजबर्नमध्ये उघडली की तो त्याप्रमाणे सीडी लिहितो, फ्रेमची भानगड उरत नाही आणि मघाशी सांगितलेला इंडेक्स शून्यसुद्धा इथेच लिहिता येतो. एखादी जागा चुकली तर आकडा बदला, परत लिहा.

ट्रॅकची नावं देवनागरीत दिसतील का?

प्लेयरवर नाही. सीडी टेक्स्ट म्हणून सोय आहे पण ती रोमन अक्षरांसाठी आणि जपानीसाठी केलेली, देवनागरी तिथे बसत नाही. नावं रोमनमध्ये द्या, वेव्ह फाइलचं नावही साधं रोमनच ठेवा, आणि खरी यादी सुरेख मराठीत छापून डबीत घाला, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, तबल्याला कोण, पेटीला कोण, माहीत असेल तर साल आणि घर.

कॅसेट पालटली तिथे गाणं तुटलंय, जोडता येईल का?

जोडू नका. कॅसेट संपली, कोणीतरी उठलं, पालटली, तेवढ्यात अर्धं-एक आवर्तन गेलं, ते परत कुठून आणणार? दोन टोकं एकमेकांना चिकटवली की ताल मोडतो आणि गायकाकडून चूक झाल्यासारखी वाटते. पहिल्या बाजूचा शेवट दोन-तीन सेकंदांत हळू विरवा, क्षणभर शांतता, दुसरी बाजू तशीच हळू वर आणा, आणि यादीत लिहा की इथे कॅसेट पालटली.

खरखर काढून टाकू का? आणि मध्येच कोणी चहा आला म्हणतं ते?

खरखर थोडी कमी करा, पूर्ण नको. जास्त काढली की तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा येतो आणि गळ्याची धार जाते. करायचीच तर ट्रॅक पाडायच्या आधी, पूर्ण फाइलवर, आणि मूळ फाइल वेगळी जपून.

चहा आला हे ठेवा. एका कॅसेटमध्ये विलंबित चालू असताना मागून एक बाई हळूच म्हणतात, पोरं झोपली का बघ. ती सीडी ऐकून त्या घरातले एक काका रडले, ती त्यांची आई होती आणि त्यांच्याकडे तिच्या आवाजाचं दुसरं काहीच नव्हतं. मी ते खोडून काढणार होते. आता घरच्यांना विचारल्याशिवाय मी माणसाचा एक शब्दही काढत नाही.

एक ट्रॅक मोठ्याने वाजतो, एक हळू?

प्रत्येक तुकडा वेगवेगळा नॉर्मलाइज केला असणार, म्हणजे त्याचा सगळ्यात मोठा आवाज एका ठरावीक पातळीला आणला असणार. आलाप हळूच असतो, द्रुत मोठंच असतं, ते गायकाने ठरवलंय. पूर्ण फाइल एकदाच उणे १ डीबीला नॉर्मलाइज करा, तीही ट्रॅक पाडायच्या आधी.

घरी वाजते पण गाडीत वाजत नाही?

सीडी-आरडब्ल्यू वापरली असेल तर जुने प्लेयर ती वाचत नाहीत, साधी सीडी-आर घ्या. फायनलाइज केलीय का, म्हणजे लिहून झाल्यावर सीडी बंद केलीय का, ते बघा. ऑडिओ सीडीऐवजी डेटा सीडी तर झाली नाही ना तेही बघा, हे फार वेळा होतं. लिहायचा वेग मधला ठेवा, १६ पट वगैरे.

वाटायला परवानगी लागते का?

स्वतःसाठी किंवा शिकण्या-शिकवण्यासाठी ठेवायला हरकत नाही. विकायचं असेल किंवा सगळ्यांसाठी ऑनलाइन टाकायचं असेल तर कलाकाराची किंवा त्यांच्या घरच्यांची परवानगी घ्या, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क दिलेला आहे. आणि कायदा सोडा, विचारायला गेलं की त्या घरातून आणखी दोन कॅसेटी निघतात.

सीडी कशी ठेवायची?

आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर आणि खिडकीत तर मुळीच नको, ऊन सीडी-आरच्या रंगद्रव्याचं वैरी आहे. चिकटवायचं गोल लेबल लावू नका, तोल जातो. नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या मार्करने वरच्या बाजूला, बॉलपेनने कधीच नाही, कारण चकाकणारा थर वरच्या बाजूलाच पातळ लाखेखाली असतो आणि ओरखडा तिथेच जास्त नडतो.

मूळ वेव्ह आणि क्यू फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. कॅसेट फेकू नका. आत्याच्या त्या बैठकीची कॅसेट मी पहिल्यांदा उतरवली तेव्हा टेपचं हेड वाकडं होतं आणि आवाज दबलेला आला, चार वर्षांनी चांगला डेक मिळाल्यावर परत उतरवली तर तराण्यातली पखवाजाची थाप पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली. नवीन सीडीलाही ट्रॅक सातच ठेवले, म्हणजे तिचा कागद बदलावा लागला नाही.